हिमरूच्या ऱ्हासाचे कारण बाजारातही शोधावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हिमरू हे सुती-रेशमी नक्षीदार कापड आणि पैठणी यांच्या सद्यःस्थितीवर आलेला लेख मी दोनदा वाचला. मराठवाड्यातील हातमागावर इतक्या आस्थेने लिहिले जाणे अलीकडे दुर्मीळ झाले आहे, त्याबद्दल आपले आणि लेखकाचे आभार. मात्र हिमरूच्या ऱ्हासाची जी दोन कारणे लेखात दिली आहेत, म्हणजे यंत्रमागाची स्पर्धा आणि नव्या पिढीची अनास्था, ती मला अपुरी वाटतात. दोन्ही खरी आहेत, पण त्यांवर थांबले की सगळा दोष विणकराच्या घरात जाऊन पडतो: मुलगा मागावर बसत नाही म्हणून कला मेली, असा त्याचा अर्थ होतो. तो मुलगा मागावर का बसत नाही, त्याला दिवसाकाठी काय सुटते, सूत कोणाच्या पैशाने येते आणि तयार कापड कोणत्या गावचा कोण माणूस विकत घेतो, हे प्रश्न मग विचारलेच जात नाहीत. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. हातमागाच्या अर्थकारणाचा सर्वांत बोलका दाखला मला इराणी गालिच्याच्या इतिहासात सापडतो, म्हणून तो सविस्तर मांडण्याची परवानगी घेतो.

हा दाखला वाटतो तितका परका नाही. बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान हा मूळचा कास्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतातला. तो पंधराव्या शतकाच्या मध्यात व्यापारासाठी दख्खनमध्ये आला, बिदरला स्थिरावला आणि त्याला व्यापाऱ्यांचा प्रमुख अशा अर्थाची ‘मलिक-उत-तुज्जार’ ही पदवी मिळाली. हेच गिलान पुढे इराणच्या रेशमाचे कोठार म्हणून जगाला माहीत झाले, आणि गालिच्याच्या व्यापाराची कथा तिथल्याच रेशमाशी जोडलेली आहे. पुढे निजामाच्या ज्या संस्थानात आपला मराठवाडा होता, त्याच संस्थानातल्या वरंगळचे गालिचे १८५१ च्या लंडनमधील जागतिक प्रदर्शनात मांडले गेले होते.

इराणमध्ये शाह अब्बासच्या काळात, म्हणजे १५८८ ते १६२९ या वर्षांत, गालिचा दरबाराच्या आश्रयाने मोठा झाला. त्याने १५९८ मध्ये राजधानी इस्फहानला हलवली, शाही कारखाने उभारले आणि १६०४-०५ मध्ये जुल्फा गावच्या आर्मेनियन व्यापाऱ्यांना उठवून राजधानीच्या वेशीवर वसवले, कारण रेशीम परदेशी विकण्याचे जाळे त्यांच्या हाती होते. युरोपातून येणारी चांदी, जिचा मोठा वाटा स्पेनच्या अमेरिकेतील खाणींतून निघत होता, रेशमाच्या बदल्यात इराणमध्ये उतरत होती आणि त्यातली बरीचशी सुती कापड व निळीच्या खरेदीपोटी पुढे हिंदुस्थानात येत होती. जरतारी, रेशमी गालिचा ही या व्यवहाराच्या माथ्यावरची शोभा होती. पोलंडच्या राजाने १६०१ मध्ये एका आर्मेनियन व्यापाऱ्याला पाठवून काशान येथे गालिचे विणवून घेतल्याची नोंद आहे. असे गिऱ्हाईक थोडे आणि ते दरबारावर अवलंबून. १७२२ मध्ये अफगाण फौजांनी इस्फहान घेतले आणि शाही कारखान्यांची परंपरा तुटली. खेड्यांतल्या आणि भटक्या टोळ्यांच्या बायका मात्र आपल्या मेंढ्यांच्या लोकरीचे गालिचे विणतच राहिल्या. तंबूत अंथरायला, लेकीला लग्नात द्यायला आणि अडीनडीला विकायला त्यांना ते लागत होते. हा फरक लक्षात ठेवावा, अशी वाचकांना विनंती आहे. हिमरू आणि पैठणी यांच्याकडे वळताना तो कामी येणार आहे.

खरी उलथापालथ एकोणिसाव्या शतकात झाली. मँचेस्टरचे गिरणी कापड इराणच्या बाजारात स्वस्तात येऊ लागले आणि काशान, इस्फहान, यज्द या गावांतले सुती व रेशमी कापड विणणारे हजारो माग बंद पडत गेले. तरीही गिलानचे कच्चे रेशीम होते आणि तब्रिजचे व्यापारी ते युरोपला पाठवून आयातीची किंमत भागवत होते. मग १८६० च्या दशकात पेब्रिन हा रेशीम किड्यांचा रोग फ्रान्स-इटलीकडून पसरत गिलानपर्यंत पोहोचला. हाच तो रोग, ज्याचा छडा लावण्यासाठी लुई पाश्चर १८६५ पासून कित्येक वर्षे खपले. काही हंगामांतच गिलानचे रेशीम उत्पादन कोसळले आणि इराणजवळ आयातीच्या बदल्यात देण्याजोगा मोठा माल उरला नाही. पुढे १८७०-७२ च्या भीषण दुष्काळात लाखो माणसे दगावली.

त्याच सुमारास केरमान गावात आणखी एक घाव बसला. केरमानचे विणकर काश्मिरी धाटणीच्या लोकरी शाली विणत. युरोपातल्या बायकांनी त्या शाली अनेक दशके मिरवल्या, आणि १८७० नंतर पॅरिसची फॅशन बदलताच त्यांना कोणी विचारीनासे झाले. केरमानच्या विणकराच्या हातात कोणतीही उणीव आली नव्हती; आदल्या वर्षी जितकी सफाई होती तितकीच त्या वर्षीही होती. पुढे जे घडले ते मला फार मोलाचे वाटते. शालींचे नक्षीकार आणि विणकर गालिच्याकडे वळले. आंब्याच्या कोयरीसारखी वेलबुट्टी, बारीक छटांची रंगसंगती आणि नक्शा ओळीओळीने मोठ्याने वाचून विणकराला धाग्यांचे रंग सांगण्याची पद्धत, हे सारे ज्ञान शालीच्या मागावरून गालिच्याच्या मागावर गेले आणि केरमानचा गालिचा पुढच्या पन्नास वर्षांत जगभर नावाजला गेला. हे स्थलांतर केवळ विणकरांच्या जिद्दीने झाले असे मानू नये. रेशमाचा धंदा बुडाल्याने तब्रिजच्या व्यापाऱ्यांजवळ भांडवल मोकळे होते, इस्तंबूलपर्यंत त्यांच्या पेढ्या होत्या, आणि १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनानंतर युरोपातल्या सुखवस्तू घरांत इराणी गालिच्याची मागणी वाढत होती. हे व्यापारी आधी घराघरांतले जुने गालिचे विकत घेऊन धाडत. जुना माल संपत आला तसे त्यांनी तब्रिज, केरमान, मशहद येथे माग लावून नवे गालिचे विणवायला सुरुवात केली.

आता चांदीचा भाग. माझ्या मते गालिच्याच्या भरभराटीमागचे हे सर्वांत कमी चर्चिले गेलेले कारण आहे. इराणचे चलन, म्हणजे ‘करान’, चांदीचे होते. १८७१ नंतर जर्मनीने आणि मग एकामागून एक युरोपीय देशांनी सोन्याचे चलन स्वीकारले, त्यांची जुनी चांदी बाजारात आली, अमेरिकेतल्या खाणींतून नवी चांदी निघू लागली आणि चांदीचा भाव सतत घसरत गेला. १८७० च्या दशकात एका पौंडाला सुमारे २५ करान पडत. शतक संपेपर्यंत जवळजवळ ५० पडू लागले. आपला रुपयाही चांदीचाच होता आणि त्याचीही हीच गत झाली. सुमारे २ शिलिंग, म्हणजे २४ पेन्स, किंमत असलेला रुपया १८९० च्या दशकाच्या मध्यात १३-१४ पेन्सवर आला आणि १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारला कोणीही आणलेल्या चांदीची टांकसाळीत नाणी पाडून देणे बंद करावे लागले. निजामाचा हाली सिक्काही चांदीचा, त्यामुळे आपल्या आजा-पणजांच्या व्यवहारांनाही ही घसरण चुकली नसणार.

पौंडात पैसे मोजणाऱ्या लंडनच्या गिऱ्हाइकाला इराणी गालिचा अर्ध्या किमतीत पडू लागला. दुसरीकडे, इराणमध्ये मँचेस्टरचे कापड विकणाऱ्या परदेशी पेढ्यांपुढे निराळीच अडचण उभी राहिली. कापड विकून करान हाती येत. पण ते मायदेशी पोहोचेपर्यंत त्यांची किंमत आणखी उतरलेली असे. त्यापेक्षा त्या पैशाचा असा माल घ्यावा की ज्याला लंडनमध्ये सोन्याचा भाव येईल, हा सरळ हिशेब होता. मँचेस्टरच्या झिगलर पेढीने १८८० च्या दशकात सुलतानाबाद येथे, म्हणजे आजच्या अराक शहरात, गालिच्याचा मोठा कारभार उभारला तो याच हिशेबाने. ज्या कापडाने इराणी विणकराचा माग बंद पाडला, त्याच कापडाच्या विक्रीचा पैसा गालिच्याच्या मागात गुंतवला गेला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आज मानाने मांडलेला अर्दबीलचा महागालिचा, ज्यावर हिजरी ९४६ हे साल विणलेले आहे आणि ज्यात सुमारे २ कोटी ६० लाख गाठी आहेत, तोही याच पेढीने इराणमध्ये विकत घेतला होता. संग्रहालयाने तो १८९३ मध्ये २,००० पौंडांना घेतला.

झिगलरची कामाची पद्धत आपल्या बीड-धाराशिवच्या वाचकांना समजावून सांगावी लागणार नाही. पेढीचा माणूस खेड्यात जाई, लंडनच्या दिवाणखान्याच्या मापाचा आणि तिथल्या आवडीचा नक्शा देई, रंगवलेली लोकर तोलून देई आणि काही रक्कम आगाऊ देई. ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतो आणि मग हंगामभर त्या उचलीला बांधला जातो, तशीच ती गोष्ट होती. माग घरात, विणणाऱ्या बहुतांशी बायका आणि मुली, आणि गालिचा पूर्ण होऊन मोजणी होईपर्यंत घर त्या पैशावर चाललेले. शतकाच्या अखेरीस या एका पेढीसाठी दोन हजारांहून अधिक माग चालत होते. स्वस्त करानामुळे झालेला फायदा या घरांपर्यंत किती पोहोचला? विणकराची मजुरी करानात ठरलेली होती आणि करान घसरला तसे धान्याचे व परदेशी मालाचे भाव वाढत गेले. चलन उतरल्याचा लाभ ज्याच्याजवळ पौंड होते त्याला झाला. केरमानच्या कोंदट कारखान्यांत तासन्‌तास उकिडव्या बसणाऱ्या लहान मुलींच्या पायांची आणि कंबरेची हाडे वाकडी होत, याबद्दल पुढे जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे तक्रारी गेल्या आणि १९२३ मध्ये केरमानच्या सुभेदाराला कामाचे तास व किमान वय ठरवणारा हुकूम काढावा लागला. गालिच्याचे कौतुक करताना या मुलींना विसरणे मला अन्यायाचे वाटते.

मागणी झपाट्याने वाढली की मालाचे काय होते, हेही या इतिहासात स्पष्ट दिसते. जर्मन कारखान्यांतले ॲनिलिन, म्हणजे रसायनांपासून केलेले, रंग स्वस्त होते. मंजिष्ठा आणि निळीच्या भट्टीत जे काम अनेक दिवस चाले ते या रंगांनी काही तासांत होई, पण सुरुवातीचे रंग उन्हात उडत आणि पाण्यात फुटत. इराणच्या शहांनी त्यांच्या आयातीवर बंदी घातली, नंतर अशा रंगांच्या गालिच्यांवर जादा निर्यात कर लावला; अंमल मात्र ढिला राहिला. दुसरी युक्ती डोळ्यांना दिसतही नाही. गालिच्याची गाठ नेहमी ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या, दोन धाग्यांभोवती मारतात. ‘जुफ्ती’ नावाच्या गाठीत ती चार धाग्यांभोवती मारली जाते. निम्म्या गाठींत तेवढीच जागा भरते, वरून नक्षी तशीच दिसते, पण लव विरळ राहते आणि काही वर्षांतच गालिचा टक्कल पडल्यासारखा होतो. ज्याला गाठीवर मजुरी मिळते तो अशी गाठ मारत नाही. ज्याला गालिचा संपवून लवकर पैसे हवे आहेत आणि ज्याचा दर व्यापाऱ्याने दाबला आहे, तो ती मारतो. म्हणून जाणकार गिऱ्हाईक गालिचा उलटा करून पाहतो.

पहिल्या महायुद्धाने युरोपचे दार बंद केले आणि युद्धानंतर अमेरिका मुख्य गिऱ्हाईक झाली. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांना अमेरिकी घरांच्या फर्निचरला शोभेल असा गडद गुलाबी-लाल रंग हवा होता आणि इराणी रंगाऱ्यांच्या भट्टीतून तो उतरत नव्हता. मग सुलतानाबाद परिसरात विणलेले सारूक गालिचे अमेरिकेत नेऊन रसायनाने धुतले जात, त्यांचा मूळ रंग फिका केला जाई आणि माणसे बसवून कुंचल्याने नक्षीच्या भोवतीची जमीन हव्या त्या रंगाने रंगवली जाई. असे गालिचे १९२० च्या दशकात अमेरिकेत मोठ्या संख्येने विकले गेले. एका देशाच्या एका वर्गाच्या आवडीवर सगळा जिल्हा विसंबला, आणि १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. चांदीचा भाव त्या मंदीत पुन्हा घसरला, म्हणजे इराणी माल पुन्हा स्वस्त झाला. पण या वेळी त्याचा काहीच उपयोग झाला नाही. १८८० च्या दशकात चलन उतरत असताना गिऱ्हाईक वाढत होते, १९३० मध्ये गिऱ्हाईकच उरले नव्हते. रुपया घसरला की आपल्या निर्यातीचे भले होईल, असे जे वरचेवर म्हटले जाते, त्यातली अर्धवटता या दोन तारखा शेजारी ठेवल्या की कळते. परदेशी पेढ्यांनी हात आखडता घेतल्यावर इराणच्या सरकारने १९३५ मध्ये स्वतःची गालिचा कंपनी स्थापन केली. रंग, लोकर आणि नक्शे यांची जबाबदारी तिने घेतली आणि दर्जा सावरायला तिची मदत झाली, हे मान्य करायला हवे.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनी मोठी खरेदीदार झाली आणि हॅम्बुर्ग बंदरातली गोदामे इराणी गालिच्यांनी भरली. मग १९७३-७४ मध्ये खनिज तेलाचा भाव चौपट झाला. इराण श्रीमंत होत होता. शहरांत बांधकामे निघाली, मजुरीचे दर चढले आणि खेड्यातल्या तरुणाला मागावर महिनोन्‌महिने बसण्यापेक्षा तेहरानला जाणे फायद्याचे वाटू लागले. गालिच्याची किंमत वाढली आणि युरोपचे व्यापारी त्याच नक्षीचे गालिचे आपल्या भदोही-मिर्झापूरकडून आणि पाकिस्तानातून विणवून घेऊ लागले. नव्या पिढीची अनास्था म्हणतात ती इराणमध्येही आली, पण ती तेलाच्या पैशामागून आली.

१९७९ च्या क्रांतीनंतरचा इतिहास निर्बंधांचा आहे. अमेरिकेने १९८७ मध्ये इराणी मालाची आयात बंद केली, २००० मध्ये गालिचे, पिस्ते, सुकामेवा आणि कॅव्हियार यांना सूट दिली, २०१० मध्ये ती काढून घेतली, अणुकरारानंतर २०१६ मध्ये पुन्हा दिली आणि २०१८ मध्ये पुन्हा काढून घेतली. त्याच वर्षी इराण सरकारनेही, निर्यातीतून मिळालेले परकीय चलन ठरावीक व्यवस्थेतूनच परत आणण्याची सक्ती करून, आपल्या व्यापाऱ्यांचे कंबरडे मोडले. १९९० च्या दशकाच्या मध्यात वर्षाला दोन अब्ज डॉलरच्या घरात गेलेली गालिच्यांची निर्यात आता काही कोटी डॉलरवर आली आहे. काशान आणि फार्स येथील गालिचा विणण्याच्या कौशल्याला २०१० मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्याच वर्षी अमेरिकेचे दार बंद झाले. मानपत्राने विणकराचा माल विकला जात नाही. भदोहीच्या विणकरांनाही २०२५ च्या ऑगस्टमध्ये हाच अनुभव आला. त्यांचा निम्म्याहून अधिक माल अमेरिकेला जातो आणि अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लावले, त्यातले २५ टक्के रशियन तेलाच्या खरेदीचे निमित्त करून. त्या तेलाशी भदोहीच्या मागावरच्या माणसाचा काय संबंध होता?

एवढे सांगून मी हिमरूकडे येतो. सुती ताणा आणि रेशमी बाणा, म्हणजे आडवा धागा, असलेले हे कापड निजामाच्या काळात अमीर-उमरावांच्या शेरवान्या, अचकन आणि शालींसाठी विणले जाई. हैदराबादचा दरबार आणि जहागीरदार हे त्याचे गिऱ्हाईक होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, पुढच्याच वर्षी जहागिऱ्या रद्द झाल्या, आणि हे दोन्ही निर्णय आपल्या सर्वांच्या हिताचे होते यात मला तिळमात्र शंका नाही. पण त्यांच्याबरोबर हिमरूचा खरेदीदार वर्गच नाहीसा झाला आणि त्याची जागा घेईल असा दुसरा वर्ग कोणी शोधला नाही. वेरूळ-अजिंठ्याला आलेला पर्यटक एखादी शाल घेऊन जातो, त्यावर माग चालत नाहीत. यंत्रमागाची नक्कल बाजारात आली ती यानंतर, तेव्हा मूळ धंदा आधीच खिळखिळा झालेला होता. पैठणीनेही पेशवाई गमावली आणि वाईट दिवस पाहिले. तरी मराठी घरात लेकीच्या लग्नाला पैठणी घेण्याची हौस टिकून राहिली आणि शिक्षण-नोकऱ्यांनी मध्यमवर्गाच्या हाती पैसा आला तशी ती वाढली. इस्फहानचे शाही कारखाने बुडाले आणि खेड्यांतले माग टिकले, त्याचे हे आपल्या घरचे उदाहरण आहे. इराणी कुटुंबे आजही गालिचा बचत म्हणून घेतात, आणि निर्यात आटल्यावर तिथल्या विणकराला जो काही आधार उरला आहे तो मुख्यत्वे या देशी गिऱ्हाइकाचा आहे.

दर्जाच्या बाबतीतही गालिच्याकडून शिकण्यासारखे आहे. पैठणीचा पदर उलटा केला तर नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, धागे लोंबत नाहीत. हिमरू उलटे केले तर नक्षीचे रेशमी धागे मागच्या बाजूने सैल सुटलेले दिसतात आणि त्यांमुळेच त्या कापडाला शालीसारखी ऊब व मऊपणा येतो. यंत्रावरच्या नकलेत ते बहुधा कापून टाकलेले असतात किंवा सारे कापड कृत्रिम धाग्याचे असते. ही खूण ग्राहकाला माहीत नसेल तर त्याला चार हजारांची आणि चारशेची शाल एकच वाटणार, आणि प्रामाणिक विणकराला चारशेच्या भावाशी झगडावे लागणार. आपल्या लेखात इतकी सुंदर छायाचित्रे होती. त्यांत एक कापडाच्या उलट बाजूचे असते तर वाचकांवर मोठे उपकार झाले असते.

कच्च्या मालाचा प्रश्न मला सर्वांत निकडीचा वाटतो. पैठणीला लागणारे रेशीम वर्षानुवर्षे कर्नाटकातून येत राहिले आणि त्याचा भाव चीनच्या रेशमाबरोबर वर-खाली होत राहिला. आता बीड, जालना आणि आसपासच्या जिल्ह्यांतील शेतकरी तुतीच्या लागवडीकडे वळले आहेत, २०१८ पासून जालन्यात कोषांची बाजारपेठ सुरू झाली आहे आणि पूर्वी कोष घेऊन रामनगरपर्यंत जाणाऱ्या शेतकऱ्याचा हेलपाटा काही अंशी वाचला आहे. तुती पिकते मराठवाड्यात, पैठणी विणली जाते मराठवाड्यात. मग मधले सूत काढण्याचे, पिळण्याचे आणि रंगवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर इथेच का उभे राहू नये? जे भटके विणकर आपल्या मेंढ्यांची लोकर आपणच कातत होते त्यांना १९२९ ची मंदी झिगलरच्या वारसदारांवर विसंबलेल्या खेड्यांइतकी बोचली नसावी, असे मला वाटते. मात्र गिलानचा धडाही विसरता येणार नाही. पेब्रिन अजून जगातून गेलेला नाही. रोगमुक्त अंडीपुंजांची तपासणी आणि कोवळे रेशीम किडे वाढवणाऱ्या चॉकी केंद्रांवरची देखरेख ढिली पडली तर एका हंगामात शेकडो कुटुंबे अडचणीत येतील. अमेरिकेच्या त्या शुल्काच्या पार्श्वभूमीवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क तात्पुरते उठवले, तेव्हा परदेशातील एका निर्णयाची झळ परभणी-जालन्याच्या शिवारापर्यंत कशी येते हे कापूस उत्पादकांनी अनुभवलेच आहे. रेशमाचा शेतकरी त्यापासून सुरक्षित आहे असे कोणी समजू नये.

म्हणून हिमरूसाठी प्रशिक्षण वर्ग काढण्याची जी सूचना आपल्या लेखात आहे, तिला विरोध नसला तरी तिचा क्रम मला उलटा वाटतो. केरमानच्या शालकऱ्यांना कोणी गालिच्याचे प्रशिक्षण दिले नव्हते. त्यांना नवी वस्तू, नवा बाजार आणि आधी पैसे घालणारा व्यापारी मिळाला, आणि हात तर तयारच होते. शासनाने किंवा सहकारी बँकांनी हिमरूच्या विणकराला सूत घेण्यासाठी कमी व्याजाचे खेळते भांडवल द्यावे, म्हणजे तो व्यापाऱ्याच्या उचलीला बांधला जाणार नाही. शासकीय कार्यालये, विद्यापीठे आणि महामंडळे पाहुण्यांना शाल-श्रीफळ देतात. त्यांपैकी मराठवाड्यातल्या संस्थांनी तरी ती शाल हातमागाची हिमरू असेल असा नियम करावा. आपल्याकडे रोज कुठे ना कुठे सत्कार होतातच, तेव्हा ही मागणी लहान नाही, आणि ती डॉलरच्या भावावर किंवा दुसऱ्या देशाच्या निर्बंधांवर अवलंबून नाही. परदेशी निर्यातीचा विचार त्यानंतर करावा, आणि तो करताना एकाच देशाकडे सगळा माल जाणार नाही याची काळजी घ्यावी.

आपल्या वृत्तपत्राकडे एक वेगळी विनंती आहे. कापूस, सोयाबीन आणि तुरीचे बाजारभाव आपण छापता. त्यांच्याच शेजारी आठवड्यातून एकदा जालन्याच्या बाजारातील रेशीम कोषांचा भाव, पैठणीच्या रेशमी सुताचा किलोमागचा भाव आणि विणकराला मिळणारी मजुरी छापावी. काही महिने हे आकडे एका खाली एक छापले गेले, तर कोणाचा भाव वाढतो आणि कोणाचा जागच्या जागी राहतो हे वाचक स्वतःच पाहतील, आणि पुढच्या लेखासाठी आपल्या प्रतिनिधीलाही मागावर जाऊन नेमके काय विचारायचे ते ठरवता येईल.

कळावे,
आपला,
अर्थशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
जालना